जुन्या बाग-ट्रॅक्टरांची दुरुस्ती व जीर्णोद्धार : परत न फिरविता येणाऱ्या उपायांचा विचार

एखादे जुने यंत्र पुन्हा चालू करणे ही केवळ कारागिराच्या हातोटीची बाब आहे, असा समज सर्वत्र आढळतो. यंत्र बंद पडले म्हणजे त्याचा कोणता तरी भाग झिजला, मोडला किंवा गंजला. तो भाग बदलला की काम संपले, असे ह्या समजाचे स्वरूप असते. नित्य वापरातील यंत्रापुरते हे खरेही आहे. परंतु ज्या यंत्राचे उत्पादन थांबून कित्येक दशके लोटली, त्याच्या बाबतीत प्रत्येक दुरुस्तीचा परिणाम दुहेरी होतो. एका बाजूने ती यंत्राला गती देते. दुसऱ्या बाजूने ते यंत्र कसे घडविले गेले व कसे वापरले गेले, ह्याविषयी त्याच्या अंगावर उमटलेला पुरावा ती बदलते, किंवा अजिबात पुसून टाकते. म्हणून जुन्या यंत्राच्या दुरुस्तीचे शास्त्र हे यंत्रविद्येइतकेच इतिहाससंशोधनाचेही अंग मानावे लागते.

ह्या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील जुन्या बाग-ट्रॅक्टरांच्या आधारे करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. उदाहरण लहान आहे, आणि म्हणूनच सोयीचे आहे. हे यंत्र एका सिलिंडरचे, दोन माणसांना हलविता येईल एवढे, आणि रचनेने उघड असते. ते फार मोठ्या संख्येने विकले गेले, आणि आज त्याची दुरुस्ती संग्रहालयातील तज्ज्ञ नव्हे, तर घरच्या शेडमध्ये काम करणारे हौशी लोक करतात. त्यामुळे चांगल्या व वाईट अशा दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्यांचे नमुने येथे विपुल सापडतात. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : उपायांचा क्रम त्यांच्या झटपट परिणामावरून न लावता, ते मागे घेता येतात की नाही, ह्या कसोटीवर लावला पाहिजे.

१. यंत्राचा अल्प परिचय

बाग-ट्रॅक्टर ही शेतीच्या ट्रॅक्टरची केवळ छोटी आवृत्ती नव्हे. त्याच्या पूर्वजांपैकी एक यंत्र चालकाने मागून चालत हाकावयाचे होते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील बेंजामिन ग्रेव्हली ह्या व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या गृहस्थांना अशा मोटार-नांगराचे पेटंट १९१६ साली मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शहरांभोवती उपनगरांचा विस्तार झाला. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन वसाहतीचे बांधकाम १९४७ साली सुरू झाले, हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. घरामागे गवताचा पट्टा, थोडी भाजीची जागा आणि थंडीत साचणारे बर्फ, अशी ह्या नव्या घरमालकांची गरज होती. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे पाँड कुटुंबाने १९४६ साली सुरू केलेला आणि पुढे व्हील हॉर्स ह्या नावाने प्रसिद्धीस आलेला कारखाना ह्याच काळातला. १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या शेतीयंत्रांच्या मोठ्या कंपनीने कब कॅडेट हा बाग-ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि १९६३ साली जॉन डीअर कंपनीने ११० हे आपले प्रतिमान विक्रीस काढले. गवत कापण्याचे पाते, छोटा नांगर, बर्फ ढकलण्याचे फाळके अशी निरनिराळी अवजारे त्याला जोडता येत असत.

नावे निराळी असली, तरी ह्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांचे हृदय एकच होते. विस्कॉन्सिन राज्यातील कोहलर कंपनीची के-मालिकेतील इंजिने कब कॅडेट, जॉन डीअर व व्हील हॉर्स ह्या तिन्ही बनावटींच्या अनेक प्रतिमानांत बसविलेली आढळतात. ही इंजिने चार धावांची, हवेने थंड होणारी व एका सिलिंडरची असून त्यांचा सिलिंडर बिडाचा आहे. झडपा माथ्यावर नसून सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच बसविलेल्या असतात. त्यामुळे ॲल्युमिनियमचा माथा म्हणजे बोल्टांनी आवळलेले एक झाकण असते, आणि तो काढताच पिस्टनचा माथा व दोन्ही झडपा दृष्टीस पडतात. वंगणासाठी पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेली जीभ तेलात बुडते व ते तेल आत सर्वत्र उडविते. पुढील विवेचनात ह्या मालिकेतील के-३०१ हे १२ अश्वशक्तीचे इंजिन नमुना म्हणून घेतले आहे. त्याच्या सिलिंडरचा मूळ व्यास ३.३७५ इंच, पिस्टनची धाव ३.२५ इंच व धावेचे घनफळ २९.०७ घनइंच, म्हणजे सुमारे ४७६ घनसेंटिमीटर आहे.

एकच इंजिन अनेक बनावटींत बसत असल्यामुळे संशोधकापुढे प्रारंभीच एक अडचण उभी राहते. एका ट्रॅक्टरचे इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्याचे काढून बसविण्याचा प्रघात पूर्वीपासून आहे. समोरचे इंजिन त्या ट्रॅक्टरचे मूळचे आहे की नाही, हे केवळ पाहून सांगता येत नाही. त्यासाठी इंजिनावरील पट्टीवर ठोकलेले प्रतिमानाचे नाव, तपशील-क्रमांक व अनुक्रमांक हेच प्रमाण. असे असूनही रंगकामाच्या वेळी सर्वप्रथम नाहीशी होणारी वस्तू बहुधा ही पट्टीच असते.

२. तीन शब्दांतील भेद

दुरुस्ती, जतन व जीर्णोद्धार हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. विवेचनात मात्र ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. दुरुस्तीचा हेतू यंत्राने काम करावे हा असतो. जतनाचा हेतू आहे ती स्थिती पुढे बिघडू नये हा असतो. जीर्णोद्धाराचा हेतू यंत्राला त्याच्या गतकालातील एखाद्या विशिष्ट स्थितीत परत नेणे हा असतो. ह्यांतील तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाकांक्षी व सर्वांत धोक्याचा. कारण यंत्राची अशी एकच मूळ स्थिती बहुधा नसतेच. कारखान्यातून बाहेर पडलेला ट्रॅक्टर, पहिल्या मालकाने स्वतः वेल्डिंग करून मजबूत केलेला ट्रॅक्टर आणि तिसऱ्या मालकाकडे दुसरे इंजिन बसलेला ट्रॅक्टर ह्या तिन्ही स्थिती ऐतिहासिक दृष्ट्या खऱ्याच आहेत. त्यांपैकी एक निवडणे म्हणजे उरलेल्या दोन नाकारणे होय.

आपल्याकडील जुन्या देवळांच्या बाबतीत हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. दगडी भिंतींवर तेलरंगाचे थर चढविले जातात, झिजलेल्या पायऱ्यांवर फरशी बसते, आणि ह्या सर्वास जीर्णोद्धार हेच नाव मिळते. हेतू भक्तीचा असतो, पण शिल्पाच्या अभ्यासकाला जे वाचावयाचे होते ते झाकले जाते. वास्तूंच्या संरक्षणासंबंधी १९६४ साली व्हेनिस येथे जी आंतरराष्ट्रीय सनद तयार झाली, तिच्यातील एक प्रमुख तत्त्व असे, की पुराव्याचा आधार संपून जेथे अनुमान सुरू होते, तेथे जीर्णोद्धार करणाऱ्याने हात आवरावा. हे तत्त्व यंत्रांनाही लागू करता येते. यंत्राच्या बाबतीत त्यास आणखी एक पुस्ती जोडावी लागते : जो उपाय उद्या काढून टाकता येईल तो आज करण्यास हरकत नाही; जो काढता येणार नाही, तो करण्यापूर्वी त्याची गरज मोजून सिद्ध झाली पाहिजे.

३. परीक्षणाचा क्रम

वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून असलेला ट्रॅक्टर हाती आला की तो लगेच सुरू करून पाहण्याचा मोह होतो. हा मोह टाळणे ही पहिली शिस्त होय. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास बिडाच्या रिंगा बिडाच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. अशा वेळी प्रचक्राच्या पंख्याला पहार लावून किंवा ट्रॅक्टर दुसऱ्या वाहनाने ओढून इंजिन फिरविल्यास पंख्याची पाती मोडतात, रिंगा तुटतात किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. योग्य मार्ग सावकाशीचा आहे. प्रथम हवेच्या मार्गावरील पत्र्याचे आवरण काढून सिलिंडरभोवतीचे पंखे मोकळे करावेत. तेथे वाळलेले गवत व उंदरांची घरटी साचलेली असणे ही अगदी नेहमीची गोष्ट असून, इंजिन अति तापण्याचे ते एक मुख्य कारण असते. नंतर प्लगच्या भोकातून भेदक तेल सोडून काही दिवस वाट पाहावी. तरीही पिस्टन हलला नाही, तर माथा काढून, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोके द्यावेत.

इंजिन फिरू लागले म्हणजे त्याचे आतले आरोग्य कसे ओळखावे, हा पुढील प्रश्न. मोटारींच्या अनुभवावरून अनेक जण दाबमापक लावतात आणि दाब कमी दिसताच सिलिंडर झिजला असा निष्कर्ष काढतात. के-मालिकेतील पुष्कळ इंजिनांच्या बाबतीत हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. हाताने किंवा लहान मोटरने इंजिन सुरू करणे सोपे व्हावे, म्हणून त्यांच्या कॅमशाफ्टवर एक योजना केलेली असते. कमी वेगाला ती बाहेर नेणारी झडप किंचित उघडी ठेवते, आणि वेग वाढताच आपोआप बाजूला होते. म्हणजे सुरू करण्याच्या वेगाला दाब कमी दिसणे हे येथे दोषाचे नव्हे, तर योजनेप्रमाणे काम चालल्याचे लक्षण आहे. ह्या अज्ञानापायी निरोगी सिलिंडर बोअर केले जाण्याचा धोका उघड आहे.

ह्याऐवजी दोन कसोट्या अधिक विश्वसनीय आहेत. पहिलीत, दोन्ही झडपा बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते ऐकावयाचे असते. कार्बोरेटरमधून आवाज आल्यास आत घेणारी झडप, धुराड्यातून आल्यास बाहेर नेणारी झडप, आणि तेल भरण्याच्या तोंडातून आल्यास रिंगा सदोष आहेत असे समजावे. दुसरी कसोटी तापलेल्या, चालू इंजिनाची. क्रँकच्या पेटीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहावा, अशी ह्या इंजिनाची रचना आहे. पाण्याने भरलेल्या वाकड्या नळीने मोजल्यास निरोगी इंजिनात हा फरक पाण्याच्या सुमारे ५ ते १० इंच उंचीइतका येतो. तो न आल्यास रिंगांतून वायू खाली उतरत आहे, श्वसन-झडप बिघडली आहे, किंवा एखाद्या सांध्यातून हवा आत येत आहे, असे अनुमान करता येते. ह्या दोन्ही कसोट्यांत यंत्राचा एक कणही खर्च होत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

४. सिलिंडरची पुंजी

आता ज्या उपायावर ह्या लेखाचा मुख्य भर आहे, त्याकडे वळू. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी तो यंत्रावर बोअर करतात, आणि त्यात अधिक व्यासाचा पिस्टन बसवितात. ह्या इंजिनांसाठी मूळ मापापेक्षा ०.०१०, ०.०२० व ०.०३० इंच मोठे असे पिस्टन निघत. म्हणजे के-३०१ चा व्यास ३.३७५ वरून ३.३८५, ३.३९५ व शेवटी ३.४०५ इंचांपर्यंत नेता येतो. त्यापुढे मार्ग उरतो तो ठोकळ्यात नवी नळी ठोकून बसविण्याचा. आणि नळी बसविली की मूळ भिंतीचे अस्तित्व संपते.

ह्यावरून असे दिसून येईल, की प्रत्येक ठोकळ्याजवळ जणू तीन हप्त्यांची पुंजी आहे. कारखान्यात ओतलेल्या बिडाची ही पुंजी खर्च करता येते, परंतु तीत भर घालता येत नाही. असे असता, एकदाच काय ते काम होऊन जाऊ दे म्हणून पहिल्याच वेळी शेवटचे माप गाठणारे कारागीर आढळतात. त्यात लाभ काय होतो, ते पाहू. व्यास ३.३७५ वरून ३.४०५ इंच केल्यास धावेचे घनफळ २९.०७ वरून सुमारे २९.५९ घनइंच होते. वाढ शेकडा दोनहूनही कमी. एवढ्या नगण्य वाढीसाठी पुढील दोन पिढ्यांच्या दुरुस्त्या आजच खर्ची पडतात.

किती बोअर करावे हे झीज मोजल्यावाचून ठरविता येत नाही, आणि ती मोजणे वाटते तितके सोपे नाही. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेचा प्रवास जेथे उलटतो तेथे वंगण कमी व उष्णता अधिक, म्हणून झीज सर्वांत जास्त. खाली ती कमी होत जाते. तसेच कनेक्टिंग रॉडच्या तिरकसपणामुळे पिस्टन ज्या बाजूंवर रेटला जातो, त्या बाजू अधिक झिजतात. म्हणून वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात दोन, अशी एकंदर सहा मापे घ्यावी लागतात.

परंतु केवळ व्यासाची मापे घेऊनही एक सूक्ष्म प्रश्न शिल्लक राहतो. समजा, सर्वाधिक व्यास ३.३८१ इंच भरला, म्हणजे झीज ०.००६ इंच आहे. पहिले माप ३.३८५ असल्याने ते पुरेसे आहे, असे कोणासही वाटेल. झीज दोन्ही बाजूंना समान, म्हणजे प्रत्येकी ०.००३ असेल, तर ते खरे आहे. मात्र ती सर्व झीज एकाच भिंतीवर झाली असेल, तर मूळ केंद्रापासून त्या भिंतीचे अंतर १.६८७५ ऐवजी १.६९३५ इंच झालेले असते. पहिल्या मापाची त्रिज्या १.६९२५ इंच आहे. मूळ केंद्रावरून बोअर केल्यास ह्या भिंतीवरील झिजेचा तळ तसाच राहील. मग एक तर दुसऱ्या मापाला जावे लागेल, अथवा केंद्र त्या बाजूस एक-दोन सहस्रांश इंच सरकवावे लागेल. कोणती भिंत किती झिजली, हे व्यासमापक सांगू शकत नाही. ते सांगतो सिलिंडरच्या अगदी वरच्या कडेला, रिंगेच्या पोहोचेबाहेर राहिलेला न झिजलेला पट्टा. त्याच्या खाली पडलेली पायरी प्रत्येक बाजूला किती खोल आहे ते मोजले, की उत्तर मिळते. हीच पायरी अनेक जण काम सुरू करण्यापूर्वी घासून टाकतात. म्हणजे ज्या पुराव्याच्या आधारे एक हप्ता वाचला असता, तोच प्रथम नष्ट केला जातो.

झिजेचे स्वरूप आणखीही काही सांगून जाते. गाळणी नीट न बसल्यामुळे धूळ आत गेली असेल, तर भिंतीवर उभ्या बारीक ओरखड्यांची दाटी दिसते. तेल कमी पडले असेल, तर पिस्टनचे ॲल्युमिनियम भिंतीला माखलेले आढळते. कारखान्यातील मूळ फुलीच्या रेषा अजून ठळक दिसत असतील, तर यंत्र फारसे वापरले गेलेच नाही, असे समजावे. ह्या नोंदी कोणत्याही कागदपत्रात नसतात. त्या भिंतीवरच लिहिलेल्या असतात.

५. कनेक्टिंग रॉड व तोल सांभाळणारी चक्रे

के-मालिकेत कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असून, तो मध्ये वेगळा बेअरिंगचा पत्रा न घालता क्रँकच्या खुंटीवर थेट फिरतो. तेल कमी झाल्यास किंवा ट्रॅक्टर उतारावर फार कलल्याने जीभ तेलापासून दूर गेल्यास हा सांधा तापतो. ॲल्युमिनियमचे उष्णतेने होणारे प्रसरण बिडाच्या वा पोलादाच्या सुमारे दुप्पट. त्यामुळे अंतर बिघडते व रॉडचा धातू खुंटीवर चिकटतो. अशी खुंटी पाहून पुष्कळ जण ती लगेच घासून लहान मापाची करून घेतात. वस्तुतः वर चिकटलेला थर ॲल्युमिनियमचा आहे, आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण ॲल्युमिनियम विरघळवते, पण लोखंडास खात नाही. काळजीपूर्वक हा थर विरघळवून खुंटी मोजल्यास ती पुष्कळदा मूळ मापातच निघते. रसायनशास्त्राच्या एका प्राथमिक नियमाने येथे एक परत न फिरविता येणारा उपाय टळतो. हे काम करताना हायड्रोजन वायू सुटतो, आणि द्रावण त्वचा व डोळे ह्यांना अत्यंत घातक असते, हे विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण वादाचे आहे. ह्या मालिकेतील काही मोठ्या इंजिनांत कंप कमी करण्यासाठी तोल सांभाळणारी दोन दंतचक्रे बसविलेली असतात. त्यांचे बेअरिंग झिजून ती सुटल्यास आतल्या आत फुटतात आणि ठोकळाच तडकवितात. म्हणून अनुभवी कारागीर ती काढून ठेवतात; इंजिन थोडे अधिक थरथरते, पण ठोकळा वाचतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे मान्य नाही. आपल्या कसोटीवर मात्र निर्णय स्पष्ट आहे. चक्रे जपून ठेवली व काढल्याची नोंद केली, तर उपाय पूर्णपणे मागे घेता येतो. उलट फुटलेला ठोकळा पुन्हा जुळविता येत नाही. मूळ योजनेपासून थोडे दूर जाऊन येथे मूळ वस्तूचे रक्षण होते.

६. विद्युत् व इंधन

ठिणगीची व्यवस्था ह्या इंजिनात सुटसुटीत आहे. कॅमशाफ्टवरून हलणारी एक बारीक दांडी बाहेरच्या डबीतील संपर्कबिंदू उघडते व मिटते. त्यांतील अंतर ०.०२० इंच ठेवावयाचे असते. पडून राहिलेल्या इंजिनाची ठिणगी गेली, की अनेकदा कारण एवढेच असते, की ह्या बिंदूंवर पातळ मळ बसला आहे. आज संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक योजना बसविता येते. मूळ डबीत नवे भोक पाडावे लागत नसेल आणि काढलेले भाग ठेवले जात असतील, तर तीस हरकत घेण्याचे कारण नाही. आक्षेप योजनेला नसून भोकाला आहे.

इंधनाचा प्रश्न नव्याने उद्भवला आहे. आजच्या पेट्रोलात अल्कोहोल मिसळलेले असते. जुन्या नळ्या व कार्बोरेटरमधील रबरी भाग अशा मिश्रणासाठी बनविलेले नव्हते; ते फुगतात किंवा चिरतात. शिवाय अल्कोहोल हवेतील ओल ओढून घेते, आणि उभ्या असलेल्या यंत्राचा कार्बोरेटर आतून गंजतो. म्हणून रबरी नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्यात, आणि दीर्घकाळ यंत्र ठेवताना इंधन काढून टाकावे. येथे मूळ नळीचा आग्रह धरणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. कसोटी पुराव्याच्या रक्षणाची असली, तरी चालविणाऱ्याच्या प्राणाहून पुरावा मोठा नाही.

७. गंज व रंग

गंज काढण्याचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे वाळूचा फवारा. तो जलद आहे, परंतु गंज, रंग, कारखान्याची खूण व पत्र्याचा पृष्ठभाग ह्यांत भेद करीत नाही. त्यापेक्षा विद्युत्-विच्छेदनाची रीत सौम्य आहे. धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात गंजलेला भाग टांगून तो बॅटरी भारित करण्याच्या साधनाच्या ऋण टोकास जोडतात, आणि धन टोकास साधी लोखंडी पट्टी लावतात. गंज सुटा होतो, पण खालचे निरोगी लोखंड जवळजवळ जसेच्या तसे राहते. काही बंधने मात्र पाळावी लागतात. ॲल्युमिनियमचे भाग ह्या द्रावणात खराब होतात. कठीण पोलादाच्या स्प्रिंगांत हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होण्याचा संभव असतो. धन टोकास न गंजणारे पोलाद लावल्यास क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात. जागा हवेशीर असणे तर अवश्यच, कारण सुटणारा हायड्रोजन स्फोटक आहे.

रंगाविषयी एक ऐतिहासिक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. जॉन डीअरचे यंत्र म्हटले, की हिरवा व पिवळा रंग डोळ्यांपुढे येतो. परंतु १९६९ ते १९७१ ह्या काळात त्या कंपनीने आपल्या बाग-ट्रॅक्टरांची एक मालिका निराळ्या रंगांत विकली. अंग पांढरे, आणि बैठक व पुढचे आवरण पिवळ्या, नारिंगी, निळ्या वा लाल रंगाचे. ग्राहकांना ते विशेष रुचले नाहीत, आणि त्यांतील काही ट्रॅक्टर नंतर नेहमीच्या हिरव्या रंगाने झाकले गेले. आज असा ट्रॅक्टर हाती घेणाऱ्याने परंपरागत हिरवा रंगच मूळचा असे गृहीत धरून सर्व थर खरवडले, तर आपण काय गमावले हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून रंग काढण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. बैठकीखाली, चिठ्ठीखाली किंवा सांध्याच्या आत ऊन न लागलेला रंग शोधावा. आणि एखाद्या आडबाजूस थर पायरीपायरीने घासून त्यांचा क्रम पाहावा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा, तसेच जुन्या क्लच-ब्रेकच्या अस्तरांत व गास्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. हे भाग कोरडे घासू नयेत, त्यांची धूळ उडू देऊ नये, आणि श्वासाचे योग्य संरक्षण घ्यावे.

मूळ रंग निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, तर तो धुऊन त्यावर मेणाचा पातळ थर देणे हाच बहुधा उत्तम उपाय ठरतो. नवा रंग केव्हाही देता येतो. जुना रंग एकदाच दिलेला असतो.

८. नोंद व समारोप

वरील विवेचनावर असा आक्षेप येईल, की यंत्र हे चालविण्यासाठी असते. त्याला हस्तलिखित पोथीप्रमाणे वागविणे हा अतिरेक आहे. ह्या आक्षेपात तथ्य आहे. बंद यंत्राचा आवाज, कंप, वास व चालविण्याची रीत हाही इतिहासच, आणि तो केवळ चालत्या यंत्रातूनच कळतो. म्हणून यंत्र चालवू नये, असे येथे सुचवावयाचे नाही. ते चालविण्यासाठी त्याच्या न भरून येणाऱ्या पुंजीतून किमान किती खर्च करणे अवश्य आहे, एवढाच प्रश्न आहे. परीक्षणास वेळ दिल्यास हा खर्च अपेक्षेहून पुष्कळ कमी येतो, हे वरील उदाहरणांवरून दिसून येईल.

जो खर्च अटळ आहे, त्याची भरपाई एकाच मार्गाने होऊ शकते, तो म्हणजे नोंद. उघडण्यापूर्वीची छायाचित्रे, सहा ठिकाणची मापे, रंगाच्या थरांचा क्रम, पट्टीवरील क्रमांक, बदललेल्या भागांची यादी व बदलाची तारीख ह्या सर्वांची वही यंत्रासोबत राहिली पाहिजे. काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवले पाहिजेत. पुसल्या गेलेल्या पुराव्याची जागा वही पूर्णपणे भरून काढीत नाही. तथापि तो पुरावा काय होता, एवढे तरी ती पुढच्या अभ्यासकास सांगते.

ही पद्धती परदेशातील बाग-ट्रॅक्टरांपुरती मर्यादित नाही. महाराष्ट्रात विहिरींच्या काठी विजेचे पंप येण्यापूर्वी चालणारी जुनी तेल-इंजिने आजही कोठे कोठे पडून आहेत. त्यांची पट्टी, त्यांच्या सिलिंडरची झीज, गावच्या मिस्त्रीने घातलेले ठिगळ ह्या साऱ्यांत आपल्या सिंचनाचा, कारखानदारीचा व ग्रामीण कारागिरीचा लिखित स्वरूपात न उरलेला इतिहास साठविलेला आहे. भंगाराच्या तराजूत त्यांचे मोल वजनावर ठरते. एखाद्या विद्यार्थ्याने हाती मायक्रोमीटर व वही घेऊन ती तराजूत जाण्यापूर्वी गाठली, तर ते केवळ दुरुस्तीचे नव्हे, संशोधनाचेच काम ठरेल.